दोर कापायची सुरी

जिने आयुष्यभर फक्त दोर कापायचा, अशी एक जुनी सुरी मी आहे. मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलेत तर मी एका स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेली दिसेन. पात्यावर गंजाचे पापुद्रे धरले आहेत आणि ऑलिव्हच्या लाकडाची मूठ वाळून चिरली आहे. आता माझ्याने कांदासुद्धा कापला जायचा नाही. ही गंजकी सुरी अजून कोणी टाकून कशी दिली नाही, असे तुम्हाला वाटेल. मलाही कधीकधी तसेच वाटते.

माझ्यासमोर एक खिडकी आहे. खिडकीखाली होड्यांचा धक्का आहे आणि धक्क्यापलीकडे आमचे आखात. माझे खरे घर तिकडे होते, पाण्यावर. मी स्वयंपाकघरातली नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण माझी सगळी कहाणी त्या एका गोष्टीवरून बिघडली.

माझा जन्म शिमे लोहाराच्या भट्टीत झाला. होड्या बांधणाऱ्या सुतारांची एक मोडलेली करवत त्याच्याकडे पडून होती. ते पोलाद चांगले होते. एके दिवशी म्हातारा लूयो नावाचा नावाडी त्याच्याकडे आला आणि म्हणाला, "शिमे, मला एक सुरी हवी. पाव कापायला नको, मासे साफ करायला नको."

"मग काय, तोंड बघायला हवी?" शिमे म्हणाला.

"दोर कापायला. ओला, ताणलेला, मनगटाएवढा जाड दोर. एका घावात तुटला पाहिजे."

"आणि दोर कापायची वेळच आली नाही तर?"

"तर दर नाताळला तुला पोटभर वाइन पाजीन."

शिमेने मला मन लावून घडवले. मुठीच्या टोकाला भोक पाडून त्यात दोरीचा फास घातला, म्हणजे ओल्या हातातून मी निसटू नये. लूयोने आपल्या होडीच्या पुढच्या टोकाला, दोर बांधायच्या खुंट्याशेजारी, चामड्याचे म्यान ठोकले आणि मला त्यात बसवले. होडीचे नाव झोरा. म्यान जरा तिरके होते. ते चुकून झाले नव्हते. हात खाली आला की न पाहता मुठीवरच पडावा, म्हणून म्हाताऱ्याने ते तसे ठोकले होते. आपल्या मुलाला, त्रिपोला, तो डोळे मिटायला लावायचा आणि म्हणायचा, "काढ." त्रिपो चाचपडला की पुन्हा म्हणायचा, "काढ." पुढे त्रिपोने आपल्या मुलाकडून, फ्रानोकडून, तेच करवून घेतले.

आता एवढा खटाटोप एका सुरीसाठी कशाला, ते सांगते. आमच्या गावासमोर आखातात एक लहानसे बेट आहे. ते देवाने केलेले नाही, गावाने केले आहे. पाण्याखालच्या खडकावर आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दगड टाकले, तेव्हा कुठे ते वर आले, आणि त्यावर माता मरियेचे देऊळ उभे राहिले. तिला इकडे सगळे गोस्पा म्हणतात. समुद्र त्या बेटाच्या कडा कुरतडतच असतो. म्हणून दर वर्षी जुलै महिन्यात, गोस्पाच्या सणाला, गावातल्या होड्या दगड भरून निघतात. त्या सुट्या निघत नाहीत. पुढच्या होडीच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी, अशा एका ओळीत दोरांनी बांधलेल्या असतात. वल्ही मारत, गाणी म्हणत सगळे पुरुष बेटाला जातात, कडेने दगड टाकतात आणि परत येतात. बायका धक्क्यावरून पाहतात. ओळीतली शेवटची होडी सगळ्यांत अनुभवी नावाड्याची, कारण त्याला पुढच्या सगळ्या होड्या दिसल्या पाहिजेत.

दृश्य फार सुंदर असते. पण विचार करा, दगडांनी भरलेली होडी आणि ती दुसऱ्या होडीला बांधलेली. एकीत पाणी शिरले तर ती दुसरीलाही खाली ओढणार. भिजलेल्या आणि ताणलेल्या दोराची गाठ माणसाच्या बोटांनी सुटत नाही. म्हणून पूर्वी प्रत्येक होडीत माझ्यासारखी एक सुरी असायची. माझ्या बहिणी हळूहळू मासे कापायला गेल्या, कोणी हरवल्या, कोणाची मूठ मोडली. लूयोच्या घराने मात्र मला जपले.

खरे सांगायचे तर मला फार कंटाळा यायचा. धार असून कामाविना बसायचे म्हणजे काय, ते तुम्हाला कळणार नाही. बाकीच्या सुऱ्या सार्डीन कापायच्या, टरबूज कापायच्या, पोरांना काठ्या तासून द्यायच्या. मी आपली म्यानात. सणाच्या आदल्या दिवशी मला बाहेर काढून धारेच्या दगडावर घासायचे, तागाच्या दोरीचा एक तुकडा माझ्याकडून कापून घ्यायचा, तेल लावायचे, की पुन्हा म्यानात. वर्षाचे काम संपले.

एकदाच मला काम मिळाले. त्रिपोचे नुकतेच लग्न झाले होते आणि म्हातारा लूयो तेव्हा हयात नव्हता. जाळे टाकायला त्रिपो बायकोला, पेरिनाला, बरोबर घेऊन गेला होता. जाळे भराभर पाण्यात चालले होते. त्याच्या दोराचे एक वेटोळे त्रिपोच्या घोट्याला बसले आणि एका झटक्यात तो काठावरून पाण्यात गेला. पेरिना किंचाळली नाही. तिने कधी मला हातही लावला नव्हता, पण नवऱ्याला डोळे मिटून हात टाकताना पाहिले होते. तिचा हात मुठीवर पडला. ती वाकली आणि एका घावात मी दोर तोडला. त्रिपो खोकत, खारे पाणी ओकत वर आला, तेव्हा ती होडीच्या तळाशी मांडी घालून बसली होती आणि मूल पदराशी धरावे तशी मला एप्रनमध्ये धरून होती.

"जाळं गेलं," त्रिपो म्हणाला.

"जाळ्याचं बघते मी नंतर," पेरिना म्हणाली. "आधी वर ये, गाढवा. लग्नाची चादर पण अजून धुतली नाही मी."

मग ती हसली आणि हसता हसता रडली. त्या संध्याकाळी तिने मला स्वतः गोड्या पाण्याने धुतले, पुसले आणि तेल लावले. त्यानंतर गावात माझे नाव झाले. बार्बा त्रिपोची सुरी, असे लोक म्हणू लागले. इकडे वयाने मोठ्या नावाड्याला बार्बा म्हणतात. मला वाटले, आता आपली काळजी नाही. आपली जागा या घराला पक्की कळली आहे.

वर्षे गेली. फ्रानो मोठा झाला, बापाइतका उंच आणि आईसारखा थट्टेखोर. डोंगरावरच्या गावातली नेवेंका त्याला आवडली, तिलाही तो आवडला. शरद ऋतूत लग्न करायचे ठरले. नेवेंकाचे वडील लूबो मेंढपाळ होते. समुद्राला ते नुसते वरून पाहत आले होते. गोस्पाच्या सणाला ते लेकीला घेऊन पहिल्यांदाच होणाऱ्या व्याह्यांकडे जेवायला आले. येताना खेचरावर घालून एक मोठा पांढरा दगड घेऊन आले, आपल्या घरातर्फे बेटाला.

त्या दिवशी या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. चीज होते, माखली घातलेला काळा भात होता, आणि टेबलाच्या मधोमध प्रशुत, म्हणजे डुकराची खारवून धुरावलेली अख्खी मांडी. प्रशुत घरधन्याने कापायचा असतो, आणि तो कागदासारखा पातळ कापायचा असतो. त्यात घराची अब्रू असते. पण पेरिनाच्या स्वयंपाकघरातली सुरी म्हणजे एक नमुना होता. तिनेच चुलीसाठी लाकडाच्या ढलप्याही निघायच्या. त्रिपोने कापलेला पहिला तुकडा बोटाएवढा जाड निघाला.

लूबोने तो उचलून उलटसुलट करून पाहिला. "त्रिपो, प्रशुत कापतोयस की लाकूड फोडतोयस? आमच्या वर असा तुकडा कुत्र्यापुढे टाकला ना, तर कुत्रासुद्धा आधी माझ्या तोंडाकडे बघेल."

"खाऊन तर बघ आधी," त्रिपो म्हणाला.

"खातो की. दात शाबूत आहेत माझे. पण मुलगी द्यायची आहे मला या घरात. घरात धड सुरी नाही म्हटल्यावर बापानं विचार करायला नको?"

सगळे हसले. नेवेंका लाजून म्हणाली, "बाबा, पुरे आता." पण फ्रानोचे कान लाल झाले होते.

"बाबा," तो त्रिपोला म्हणाला, "होडीवरची आणू?"

"गप बस. ती होडीवरची आहे."

"होडी काय लांब आहे? धक्क्यालाच तर आहे. कापून झालं की नेऊन ठेवतो."

त्रिपो काही बोलला नाही. गप्प राहिला म्हणजे हो म्हणाला, असे फ्रानोने धरले आणि तो खाली धावला. पहिल्यांदाच माझ्या म्यानातून मला जेवणासाठी काढले गेले.

मित्रांनो, मला ते फार आवडले. आदल्याच दिवशी धार लावलेली होती. मी मांडीवरून अशी फिरले की तुकडे आपोआप वळत ताटात पडू लागले. लूबोने एक तुकडा खिडकीशी उजेडात धरला आणि म्हणाला, "यातून तर मला बेटावरचा मनोरा दिसतोय. आता दिली मुलगी." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही असली सुरी होडीत कुजवतोस? तुला काय म्हणावं." त्रिपोची मान ताठ झाली. त्याने सगळा प्रशुत कापला, गरज नव्हती तेवढाही कापला. इतकी वर्षे म्यानात काढली, पण माझे कोणी असे कौतुक केले नव्हते.

तेवढ्यात मिरवणुकीची घंटा झाली. घंटा झाली की सगळ्यांची धांदल उडते. पुरुषांनी पांढरे सदरे चढवले, पेरिनाने ताटे गोळा केली. मला तिने हातासरशी धुतले, पुसले आणि खिडकीच्या कठड्यावर फडक्यावर ठेवले. फ्रानो जाता जाता मला घेऊन जाईल, असे तिला वाटले. आईने दिली असेल बाबांजवळ, असे फ्रानोला वाटले.

कठड्यावरून मला धक्का स्पष्ट दिसत होता. ओळीतल्या शेवटच्या होडीत, झोरामध्ये, दगड भरून झाले होते. वल्ह्यावर त्रिपोचा पुतण्या पावो होता. त्याने काठ आणि पाणी यांच्यातले अंतर पाहिले आणि म्हणाला, "बार्बा, भरली होडी. आता एक पण नको."

"आणि व्याह्यांचा दगड? तो काय धक्क्यावर टाकून जाऊ? वर जाऊन सांगतील, समुद्रावरच्या लोकांना आमचा दगड जड झाला."

"उद्या नेऊ की."

"सण आज आहे."

दोघांनी मिळून लूबोचा पांढरा दगड होडीत उतरवला. तळाशी बुचाचे पट्टे पडलेले होते, पाण्यात तरंगत राहायला अंगावर बांधतात ते. दगड त्यांच्यावरच बसला. पांढऱ्या सदऱ्यावर बुचाचा पट्टा कोण बांधणार, मिरवणुकीत तो वाईट दिसतो. काठ पाण्यापासून वीतभरही राहिला नाही. फ्रानो पुढच्या टोकाला बसला, समोरच्या होडीकडून आलेला दोर त्याने खुंट्याला बांधला. त्रिपो मागे सुकाणूवर बसला.

नेवेंका तेव्हा पेला घ्यायला स्वयंपाकघरात आली आणि तिची नजर माझ्यावर पडली. तिने मला उचलले आणि खिडकीतून वाकून हाक मारली. "बार्बा त्रिपो, सुरी राहिली वर. घेऊन येऊ का?"

धक्क्यावरच्या पुष्कळ लोकांनी ते ऐकले. त्रिपोनेही ऐकले. त्याने वर पाहिले. पण बँड सुरू झाला होता, पुढच्या होड्यांची वल्ही पडायला लागली होती, दोर ताणला गेला होता. एका सुरीसाठी सगळी ओळ थांबवायची, आणि तीही व्याह्यांसमोर, हे त्याच्या जिवावर आले.

"राहू दे, पोरी," तो म्हणाला. "आज गोस्पा आपल्याबरोबर आहे. तिथंच ठेव, आल्यावर टरबूज कापायला होईल."

नेवेंकाने मला परत फडक्यावर ठेवले. फ्रानोने खालून तिला हात केला. झोरा धक्क्यापासून सुटली.

जुलैमध्ये आमच्याकडे कधीकधी एक वादळ येते. त्याला नेव्हेरा म्हणतात. ते पाहुण्यासारखे कळवून येत नाही. पश्चिमेच्या डोंगरामागे आभाळ काळे होते, आणि काळे झालेले दिसेपर्यंत ते डोक्यावर आलेले असते. एरवी त्रिपोने ते पहिल्या गार झुळकेला ओळखले असते. त्या दिवशी बँड होता, गाणी होती, पोटात वाइन होती. मी खिडकीतून पाहिले तेव्हा होड्यांची ओळ बेटाच्या अलीकडे पोचली होती, आणि तिच्यामागचे पाणी करडे होत चालले होते. मग पावसाचा पडदा आला आणि मला काहीच दिसेना. धक्क्यावर बायकांची पळापळ झाली. पेरिना खिडकीत येऊन उभी राहिली. तिने कठड्यावर हात टेकला तो नेमका माझ्या मुठीवर. तिला ते कळलेही नाही. ती बाहेर पाहत होती आणि तिची बोटे माझ्याभोवती आवळत चालली होती.

मला वाटत होते, ओरडावे. सांगावे हिला, मी इथे आहे, मला तिकडे फेक. पण सुरीला आवाज नसतो.

पुढचे मी पाहिलेले नाही. त्रिपोने ते याच टेबलाशी बसून सांगितले, एकदाच. त्यानंतर कधी सांगितले नाही. पहिली लाट काठावरून आत आली तेव्हा पावोने वल्हे टाकून डब्याने पाणी उपसायला घेतले. दुसऱ्या लाटेने दगड एका बाजूला घसरले. बुचाचे पट्टे ओढायला गेले तर ते दगडाखाली. झोरा मागून बुडू लागली, आणि पुढचा दोर तारेसारखा ताणला जाऊन समोरच्या होडीलाही मागे ओढू लागला. त्या होडीत माणसे होती, त्यांची होडी भरायला लागली होती. त्रिपो ओरडला, "फ्रानो, काप दोर."

फ्रानोचा हात खाली गेला. लहानपणापासून शिकवले होते तसा, न पाहता, थेट म्यानावर. म्यान रिकामे होते.

"त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं," त्रिपो म्हणाला. "शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नुसतं पाहिलं."

मग फ्रानो बोटांनी गाठ सोडायला लागला. दाताने ओढायला लागला. पुढच्या होडीतला माणूस खिशातल्या लहान चाकूने आपल्या बाजूने दोर घासत होता. त्या ओढाताणीत दोराचा एक फास फ्रानोच्या मनगटाला बसला. खिशातल्या चाकूने शेवटी दोर तुटला. पुढची होडी सुटली, तिच्यातली माणसे वाचली. झोरा मात्र दगडांसकट सरळ खाली गेली, आणि तिच्या खुंट्याला फ्रानोचा हात अडकलेला होता. पावो आणि त्रिपो वर आले. त्रिपो तीनदा खाली गेला. पावोने त्याला केसांना धरून पाण्यावर ठेवले, नाहीतर तोही परत आला नसता.

एका घावाचे काम होते, मित्रांनो. माझ्यासाठी फक्त एका घावाचे. पेरिनाने ते काम करून दाखवलेले होते. मी तेव्हा फडक्यावर स्वच्छ धुतलेली पडून होते आणि माझ्या धारेला प्रशुताचा वास येत होता.

पाण्यातून काढलेल्या फ्रानोला पुरल्यानंतर सगळे या स्वयंपाकघरात बसले होते. लूबो टोपी हातात घेऊन म्हणाला, "तो दगड मी आणला."

"होडीत मी घेतला," त्रिपो म्हणाला.

नेवेंका माझ्याकडे पाहत होती. त्या नजरेसमोरून कोणीतरी मला हलवावे, असे मला झाले.

पेरिना म्हणाली, "ही घराबाहेर काढ, त्रिपो. समुद्रात टाक. मला नको ही डोळ्यांसमोर."

"नाही," त्रिपो म्हणाला. "मला हवी डोळ्यांसमोर."

त्याने भिंतीत खिळा ठोकला आणि मला अडकवले. तेव्हापासून मी इथे आहे. कोणी मला धार लावली नाही, तेल लावले नाही, हातही लावला नाही. समुद्राची हवा खिडकीतून येत राहिली आणि मला खात राहिली. मला त्याचा राग येत नाही. ज्या कामासाठी जन्म झाला ते मागे राहिल्यावर चकचकीत राहून तरी काय करायचे? नेवेंका काही वर्षे सणाला येत असे, पेरिनाशेजारी बसून भाज्या चिरू लागत असे. मग पेरिनानेच तिला समजावले आणि तिचे दुसरीकडे लग्न लावून दिले. ती सुखी आहे, असे ऐकते. पेरिना आणि त्रिपो एकाच घरात राहतात, एकाच टेबलावर जेवतात. त्या दुपारबद्दल त्यांच्यात एक शब्द होत नाही.

पुढच्या वर्षी गावात चर्चा झाली, की ही मिरवणूकच बंद करावी. बंद करू नका, असे म्हणणारा त्रिपो निघाला, याचे सगळ्यांना नवल वाटले. तो म्हणाला, "दगड टाकायचे थांबलो तर बेट जाईल. पण मी बघितल्याशिवाय एक होडी बांधायची नाही." पुन्हा तो होडीत बसला नाही. पण दर वर्षी सणाच्या दुपारी तो धक्क्यावर जाऊन उभा राहतो. प्रत्येक होडीच्या अंगाला बाहेरून एक पांढरी रेघ ओढलेली असते. दगड भरल्यावर ती पाण्याखाली गेली, की दगड उतरवायला लावतो, मग ते कोणाच्या का व्याह्यांचे असेनात. बुचाचे पट्टे पांढऱ्या सदऱ्यावरून बांधायला लावतो. आणि मग विचारतो, "सुरी?"

पहिली काही वर्षे त्याच्यासमोर कोणी तोंड उघडले नाही. मग नवे नावाडी आले. त्यांनी फ्रानोला पाहिलेले नव्हते. म्हाताऱ्याचे खूळ म्हणून ते हसत हसत सुरी दाखवत. गेल्या उन्हाळ्यात निक्शा नावाच्या एका तरुणाची पाळी आली.

"सुरी?" त्रिपोने विचारले.

"आहे की."

"दाखव."

निक्शाने म्यानात हात घातला आणि त्याचा चेहरा पडला. "सकाळी होती, बार्बा. बायकोनं मिरच्या चिरायला नेली असणार. जाऊ द्या ना आता. आभाळ बघा, एक ढग नाही."

"घेऊन ये."

"घर त्या टोकाला आहे माझं. सगळे खोळंबतील. मी गेल्यावर बँडवाले काय माझं लग्न वाजवत बसणार?"

काही जण हसले. त्रिपो हसला नाही आणि रागावलाही नाही. पुढच्या होडीकडून आलेला दोर त्याने उचलून धक्क्यावर ठेवला आणि त्यावर बसला. आता तो दोर खुंट्याला बांधता येणे शक्य नव्हते. बँड थांबला. पुढच्या होड्यांनी वल्ही उचलून धरली. उन्हात सगळा गाव ताटकळत उभा राहिला. शेवटी पाद्री स्वतः गोस्पाच्या मूर्तीजवळून उठून आले.

"त्रिपो," ते हळू आवाजात म्हणाले, "गोस्पा वाट बघतेय रे."

"बघू दे, फादर," त्रिपो म्हणाला. "आई आहे ती. आईला उशीर झालेला चालतो."

निक्शा होडीतून उतरला आणि घराकडे पळत सुटला. इथे खिडकीशी पेरिना टोमॅटो चिरत होती. तिचे हात थांबले. तिने हातातले काम बाजूला ठेवले, एप्रनला हात पुसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सणाच्या दिवशी घराबाहेर पडली. धक्क्यावर जाऊन ती त्रिपोशेजारी दोरावर बसली. निक्शा परत येईपर्यंत दोघे तसेच बसून होते.

मित्रांनो, तुम्हीही कधी ना कधी होडीत बसाल. तेव्हा काठ पाण्यापासून किती वर आहे ते पाहा. तरंगायचा पट्टा तळाशी नको, अंगावर असू द्या, मग तो कितीही वाईट दिसो. संकटासाठी ठेवलेल्या वस्तूचा रोज उपयोग होत नाही म्हणून तिला दुसऱ्या कामाला नेऊ नका. आणि काही विसरले असेल, तर हसणाऱ्यांना हसू द्या आणि मागे फिरा. त्या दुपारी कोणी मला न्यायला वर आले असते, तर मिरवणूक थोडी उशिरा निघाली असती. एवढेच झाले असते.